गोम्बोसाठी धनुष्य

तेल्मेन सरोवर, ४ सप्टेंबर १९९३

योंदोनमामा,

तुमचे गुडघे बरे आहेत आणि गावच्या सार्वजनिक न्हाणीघरातली पहाऱ्याची नोकरी अजून टिकून आहे, असं धरून चालते. आमच्याकडे गवत ठीक, मेंढ्या ठीक, लोकर विकली गेली. बाकी ठीक नाही, म्हणून तर लिहितेय.

गोम्बोला धनुष्य हवंय. बंदूक खांबाला टांगलेली आहे, पण रशियन गेल्यापासून काडतूस औषधालाही मिळत नाही. आणि मैदानातला कुत्रा सरोवराच्या या बाजूला उतरलाय. कुठला कुत्रा ते तुम्हाला कळलं असेल. थंडी जवळ आली की आम्ही त्याचं खरं नाव घेत नाही, नाव घेतलं की येतो. महिन्याभरात दोन मेंढ्या गेल्या. आमचा घरचा कुत्रा म्हातारा झालाय, भुंकतो ते सवयीनं.

गोम्बोचं म्हणणं, एकच धनुष्य असं द्या की हिवाळ्यात त्या कुत्र्यावर चालेल आणि उन्हाळ्यात नादमच्या जत्रेत नेमालाही चालेल. दोन दोन ठेवायला आम्ही काय खान लागून गेलोय? त्याच्या डगल्याची बाही पाठीच्या शिवणीपासून मनगटापर्यंत दोऱ्यानं मोजली आहे. दोरा सोबत.

दगवाचा ट्रक परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवा. गोम्बोला अजिबात चैन नाही. दिवसभर मेंढवाड्याभोवती फेऱ्या चालू असतात, बसला की उठतो, चहा ओतून घेतो आणि प्यायचा विसरतो.

तुमची छिमेद


उलियास्ताई, २१ सप्टेंबर

छिमेद पोरी,

लांडगा म्हण, लांडगा. पत्रातून तो येत नाही. दगवाच्या ट्रकमध्ये बसला तर वाटेतच म्हातारा होईल.

आणि तुझ्या नवऱ्याला स्वतः दोन ओळी लिहायला काय झालं? लग्नात माझ्या हातातलं सगळ्यात कडक धनुष्य हिसकावून घेऊन, भरल्या पोटी आणि भरल्या डोक्यानं, कानापर्यंत ओढलं होतं त्यानं. तेव्हा जीभ चांगली चालत होती.

शिकारीला आणि नेमाला एकच हवं, असं म्हणणारा तो पहिला नाही. नेमवाल्याला दिवसभर ओढायचं असतं. शेवटच्या बाणालाही हात पहिल्यासारखाच शांत लागतो, म्हणून त्याला नरम धनुष्य. शिकाऱ्याला ओढायचं एकदाच, पण बोटं गोठलेली, अंगात जाड डगला, आणि समोरच्याच्या अंगावर हिवाळ्याची फर. त्याला कडक लागतं. एकातच भागवायचं असेल तर आपल्या ताकदीच्या जरा खालचं घ्यावं आणि बाण दोन जातीचे ठेवावेत: जत्रेला हाडाच्या बोथट टोकाचे, लांडग्याला लोखंडी पात्याचे. पण हे पुरुषांना कोण सांगणार? माझ्यासमोर ओढतात, लालबुंद होतात, बायको बघतेय म्हणून हसतात, आणि घरी गेल्यावर धनुष्य जन्मभर खुंटीला.

माझ्याकडे तीन तयार आहेत. एक लांब, रानबोकडाच्या काळ्या शिंगाचं, चांगलं कडक. एक मधलं. आणि एक बायकांचं, जत्रेचं, त्यानं लांडग्याला गुदगुल्या होतील. तुझ्या दोऱ्यावरून लांबच जायला हवं. खोलीत पाय पसरायला जागा नाही, म्हणून तिन्ही मी न्हाणीघरात ठेवलीत. तिथेच आढ्याला टांगून, दोरीला पिठाचं पोतं बांधून ओढीचं वजन पाहिलं. कोरड्या थंडीत धनुष्याचं शिंग आणि पाठीला चिकटवलेले स्नायूंचे धागे ताठ होतात, पावसाळ्यात सैल पडतात, हे गोम्बोला सांग. बाकी सगळं मी हिशेबात धरलंय, चाळीस वर्षं हेच करतोय.

परीक्षा एकच. पूर्ण ओढून धरायचं आणि कुणीतरी शेजारी बसून चहाची वाटी संपवायची. तेवढ्यात हात थरथरला तर ते धनुष्य आपलं नव्हे. दोरी चढवण्याआधी ते अंगाशी धरून ऊबेवर आणावं. चुलीजवळ ठेवलंत तर येऊन तुम्हा दोघांचे कान उपटीन.

योंदोन


तेल्मेन, १२ ऑक्टोबर

मामा,

धनुष्य आलं. सुंदर आहे, हात फिरवत बसावंसं वाटतं. पण गोम्बोला ते ओढवत नाही.

तुम्ही म्हणाल, नाचता येईना अंगण वाकडं. तसं नाही हो. खांदा धरलाय त्याचा, वसंतात घोड्यावरून पडला होता. कानापर्यंत येतच नाही, हनुवटीच्या अलीकडे अडकतं आणि दंड असा थरथरतो की चहाची वाटी सोडा, घोटसुद्धा होत नाही. परवा जोर केला तर बाण सुटायच्या आधी दोरी सुटली आणि छातीवर अशी बसली की चार दिवस कुशीवर झोपता आलं नाही. गोम्बोला.

परत पाठवतेय, दगवाला सांगितलंय जपून ने. मधलं पाठवा. लवकर, मामा. काल आणखी एक मेंढी गेली, दिवसाढवळ्या, मी पाणी आणायला गेले तेवढ्यात. मी परत येईपर्यंत तो टेकडीवर बसून माझ्याकडे बघत होता. घाई नव्हती त्याला. तेव्हापासून मी पाठ वळवली की पुन्हा वळून बघते. स्वयंपाक करताना दार उघडं ठेवते, गारठा आला तरी.

छिमेद


उलियास्ताई, ३० ऑक्टोबर

छिमेद,

गोम्बो मला बाजारात भेटला.

कातडी जाकीट घालून गाड्यांचे जुने भाग विकत होता. शेजारी एक बाई गल्ल्यावर बसली होती, आणि गल्ल्यावर बसणारी बाई कोण असते ते मला कळतं. मला बघून आधी लपायला बघितलं, मग म्हणाला, मामा, खांदा कसा आहे म्हणून काय विचारता, मी तर घोड्यावरून पडलोच नाही. त्याच्या जाकिटाची कॉलर मी किती वेळ धरून ठेवली होती ते लोकांना विचार. गुडघ्यांमुळे पुढचं काही करता आलं नाही.

जूनमध्ये गेला म्हणे. म्हणजे लोकर तू एकटीनं कातरलीस, तळ तू एकटीनं हलवलास, आणि मला बाहीचा दोरा पाठवलास, खुंटीवर राहिलेल्या डगल्याचा. ताकाला जाऊन भांडं लपवलंस. मी त्या लांब हाताच्या माणसासाठी धनुष्य निवडत बसलो आणि ते ओढून तू छाती फोडून घेतलीस. माझं धनुष्य होतं ते. मला किती वाईट वाटलं ते मी लिहीत नाही.

आता ऐक. मेंढ्या कुणाच्या तरी कळपात घाल आणि इकडे ये. न्हाणीघराच्या तिकीटखिडकीवर बाई हवी आहे, मी साहेबांशी बोललोय. नव्या वर्षाच्या, पांढऱ्या महिन्याच्या सणाच्या आधी दगवाचा ट्रक तुझ्यासाठी ठरवून ठेवतो.

तोवर मधलं धनुष्य पाठवतोय, कारण तोवर तू काही हातावर हात धरून बसणार नाहीस. तुझ्या आईचे हात आठवून त्याची दोरी बदलली आहे. वेणी डगल्यात खोचत जा, दोरीत अडकली तर केसांसकट जाईल. पहिल्यांदा जवळून मार, नेम न बघता, नुसतं बाण सोडणं शिकायला.

योंदोन


तेल्मेन, १८ नोव्हेंबर

मामा,

हो, जूनमध्ये गेला. मिठाची गोणी आणायला म्हणून गेला. मी आठवडाभर मीठ जपून वापरलं.

आणि तुम्हाला सांगितलं नाही ते याचसाठी. तुम्ही हेच करणार, ट्रक ठरवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला तिकीटखिडकीत बसायचं नाही. लोकांच्या अंगाची वाफ खात, सुट्टे पैसे परत देत मी मरून जाईन. इथं माझ्या मेंढ्या आहेत, माझ्या आईनं दिलेल्या मेंढ्यांची पिल्लं आहेत, सरोवर आहे. नवरा गेला म्हणून मी कुठं गेले?

मधलं धनुष्य माझं आहे. पहिल्या दिवशी ओढलं आणि कळलं. कानापर्यंत येतं, थांबतं, मी मोठ्यानं बडबडत चहाचे घोट मोजते, हात हलत नाही. सुक्या शेणाच्या गोवऱ्यांची भिंत रचलीय जत्रेत नेमासाठी रचतात त्या चामड्याच्या नळ्यांसारखी, बायकांच्या नेमाच्या अंतरावर. आधी सगळे बाण डोंगराला अर्पण झाले, आता भिंत बऱ्यापैकी ढासळते. एकटीच हात वर करून पंचांसारखी ओरडते. म्हातारा कुत्रा उठून निघून जातो.

पण रात्र झाली की पुन्हा तेच. झोप येत नाही, मेंढ्यांची जरा हालचाल झाली की मी बाहेर.

तुम्हाला पैज लावते. पांढऱ्या महिन्यापर्यंत त्यानं एकही मेंढी नेली नाही तर दगवाचा ट्रक रिकामा परत जाईल आणि तुम्ही पुन्हा हा विषय काढायचा नाही. नेली, तर मी येते. बोला.

छिमेद


उलियास्ताई, १२ डिसेंबर

छिमेद,

तू अगदी आईवर गेलीस. तिच्याशी पैज लावून मी एक घोडा घालवला होता.

कबूल. पण खोटं लिहायचं नाही. एक गेली तरी गेली. तुझ्या बढाईचा मला काही उपयोग नाही, मला तू धड हवी आहेस.

लांडग्याला अंगावर येताना मारू नकोस, छातीचं हाड बाण वळवतं. तो कुशीवर वळेपर्यंत थांब. पुढच्या पायाच्या मागे मार. धरून ठेवता यायला हवं असं मी म्हणतो ते त्याचसाठी. वळायला तो त्याला हवा तेवढा वेळ घेतो.

आज रविवार, न्हाणीघरात इतकी गर्दी की भिंतींवरून पाणी ओघळतंय. मी आपला तुझ्या पत्राची वाट बघत फाटकाशी उभा राहतो, पाय दुखेपर्यंत. दगवा म्हणतो, मामा, मी काय पक्षी आहे का?

योंदोन


तेल्मेन, २० जानेवारी १९९४

मामा,

तो आला. आता नाव लिहिते. लांडगा आला.

पहाटे उजाडताना. थंडी अशी की थुंकलं तर खाली पडेपर्यंत गोठावं. मेंढ्या एका कोपऱ्यात दाबून उभ्या राहिल्या होत्या, आवाज नाही. कुत्रासुद्धा गप्प, म्हणून मला कळलं. धनुष्य रात्रभर अंगाशी घेऊन झोपते, दोरी चढवली. तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं, दोन्ही गुडघे लावावे लागले.

वाड्याच्या भिंतीवर चढून बघितलं तर तो आतच होता. एका मेंढीचा गळा धरून. मी ओढलं आणि मामा, ते आलं नाही. निम्म्यावर येऊन लाकडाच्या ओंडक्यासारखं थांबलं. कडाक्याची थंडी पडल्यापासून सराव बंद होता; नोव्हेंबरात जे धनुष्य मी बडबडत धरून ठेवत होते, ते जानेवारीत गोम्बोच्या धनुष्यासारखं झालं होतं. पुन्हा ओढलं, दंड थरथरला, बाण दोरीवरून घसरला. शिव्या तुम्हालाच दिल्या, सगळ्या.

मग मी आत उतरले. दुसरं काय करणार? निम्म्या ओढीचा बाण लांब जात नाही, तर लांबून मारायचंच कशाला. मेंढ्यांच्या मधून, त्यांना ढकलत, वाकून गेले. त्या मला ओळखतात, हलल्या नाहीत. तो मान वर करून बघत होता पण मेंढी सोडायला तयार नव्हता. इतकी जवळ गेले की त्याच्या तोंडाची वाफ दिसली. भीती? वाटली. तो वळला आणि मी निम्मंच ओढून सोडलं. कडक धनुष्याची निम्मी ओढ पुरली. पात्यासकट बाण आत गेला.

भिंतीवरून उडी मारून पळाला. घोड्यावर बसून रक्ताच्या मागावर गेले, दुपारी सरोवराच्या गोठलेल्या काठावर पडलेला सापडला. मी त्याच्याजवळ बसून रडले, का ते विचारू नका. मग कातडं सोलून आणलं.

आता दोन गोष्टी. तुम्ही वजन केलंत ते न्हाणीघराच्या वाफेत केलंत. चाळीस वर्षं तंबूत धनुष्यं केलीत आणि आता भिंतींवरून पाणी ओघळतं तिथं टांगून बघता. ती ओल माझ्या तंबूत दोन महिन्यांत वाळली आणि धनुष्य खरं काय आहे ते दाखवून गेलं. माझा जीव जायचा होता, मामा. हे तुम्ही कसं विसरलात?

दुसरी गोष्ट. मेंढी मेली. मी लिहिलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं. पण खोटं लिहायचा कंटाळा आलाय. पैज मी हरले.

छिमेद


उलियास्ताई, २ फेब्रुवारी

छिमेद,

तुझं पत्र वाचून मी उरलेली दोन धनुष्यं घेऊन मित्राच्या गवताच्या कोठारात नेली, कोरड्या गारठ्यात आठवडाभर ठेवली आणि पुन्हा पोतं टांगलं. खरं आहे. जत्रेचं बायकी म्हणत होतो ते मधल्यासारखं झालंय. मधलं कुठं गेलं ते तुला माहीतच आहे. नव्या पोरानं ही चूक केली असती तर मी त्याच्या हातातून रंधा काढून घेतला असता. दोन दिवस जेवण गेलं नाही.

पावसाळ्यात तुझं धनुष्य हाताला पुन्हा सैल येईल, नादमला नरम, हिवाळ्यात कडक. एकाच धनुष्यात दोन्ही मागत होतीस, मिळालं. पण हिवाळ्यात त्याला हात लावायचा तर आणखी ताकद कमाव. नाहीतर लावायची वेळच येणार नाही, कारण पैज तू हरलीस आणि मी सोडणार नाही. शब्द शब्द आहे. दगवा आठ तारखेला तुझ्याकडे पोहोचतो. सामान बांधून ठेव.

योंदोन


तेल्मेन, ८ फेब्रुवारी

मामा,

दगवा बाहेर इंजिन चालू ठेवून उभा आहे, बंद केलं तर गोठेल म्हणतो. म्हणून थोडक्यात.

मी येत नाही. शब्द मोडतेय, मला लाज वाटते, तरी येत नाही. सामान बांधायला घेतलं होतं, खरंच. मेंढ्यांचं काय ते शेजारच्यांशी ठरवायला निघाले, वाड्यापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा निघाले, पुन्हा आले. दिवसभर हेच चाललं होतं. शेवटी दोऱ्या सोडून टाकल्या.

कातडं पाठवतेय, गुडघ्यांना बांधा. मेंढीचं मांस आहे, सणाला सारण भरून बूझ वाफवा. रागवा, पण पत्र लिहा.

छिमेद


उलियास्ताई, १५ फेब्रुवारी

छिमेद,

ट्रक आला. दगवा उतरला, मी मागची बाजू बघितली, पुन्हा पुढे येऊन दगवाकडे बघितलं. तो म्हणाला, मामा, मला कशाला खाता.

मी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, भाची येतेय. साहेबांना सांगितलं होतं. खोलीतलं सगळं शिंग, सगळा सरस, झाडांच्या साली पोत्यात भरून बाहेर ठेवल्या आणि एक खाट आणून टाकली. खोलीत आता चालायला जागा नाही. सणाच्या दिवशी त्या खाटेवर बसून एकट्यानं बूझ खाल्ले. मांस चांगलं होतं.

तुला शब्दाला धरून ठेवायचं असं दोन दिवस मनात होतं. स्वतः येऊन ओढून आणायचं. मग म्हटलं, कुणासाठी? तुला एकटीला राहता येणार नाही असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. तू राहतेस. मला राहता येत नाही, पोरी. तुझी मामी गेल्यापासून न्हाणीघर बंद झालं की मी घरी जायचं टाळतो, बाजारात हिंडतो, ओळखीची माणसं नसतील तिथंही उभा राहतो. गोम्बो दिसला तो तसाच दिसला. ट्रक मी तुझ्यासाठी ठरवला नव्हता. एवढंच लिहायचं होतं.

योंदोन


तेल्मेन, ३ मार्च

मामा,

हे ऑक्टोबरातच लिहिलं असतंत तर दोघांचा हिवाळा बरा गेला असता. मी मात्र कुणाला काय लिहिलं नाही यावर बोलू नये, ते कळतं मला.

कोकरं पडायला लागलीत. एका वेळी दोन मेंढ्या अडतात आणि मला हात दोनच. तंबूची पश्चिमेची बाजू, पुरुषांची, जूनपासून रिकामी आहे. आज सकाळी गोम्बोची खाट फोडून जळणाला घालायची असं ठरवून कुऱ्हाड घेतली होती, तेवढ्यात दगवा तुमचं पत्र घेऊन आला. ते वाचलं आणि कुऱ्हाड बाहेर ठेवून आले.

दगवा पुढच्या आठवड्यात पुन्हा इकडे येतोय. त्याच्या शेजारी पुढे बसा, मागे वारा फार लागतो. शिंगाची पोती मागे टाका. खाट तुम्हाला लांब होईल. होऊ दे.

छिमेद